फणसाचे झाड कोणत्या खात्यात?

आपल्या गावांतील पुष्कळशी मुलेमुली बारावी झाल्यावर वाणिज्य शाखेकडे वळतात. त्यांतील काही बी.कॉम. होऊन पतपेढीत वा कारखान्याच्या कचेरीत लागतात, तर काही जिद्दीची मुले सनदी लेखापालाच्या, म्हणजे सी.ए.च्या परीक्षेची वाट धरतात. ह्या दुसऱ्या वाटेने निघालेला मुलगा सुटीत घरी आला की, त्याच्या पिशवीतून जाडजूड ग्रंथ निघतात आणि त्यांवर 'इंड-ए.एस.', 'आय.एफ.आर.एस.' अशी अक्षरे असतात. आय.एफ.आर.एस. म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानके, असे तो सांगतो. मग ओटीवर बसलेले आजोबा विचारतात, "अरे बाबा, हिशेब तो हिशेब. दोन आणि दोन चार. त्यात आंतरराष्ट्रीय ते काय असणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. खेदाची गोष्ट इतकीच की, पुष्कळदा त्या मुलालाही त्याचे उत्तर देता येत नाही. मानकांचे क्रमांक त्याला मुखोद्गत असतात, व्याख्या तोंडपाठ असतात. परंतु अमुक एक मानक का जन्माला आले, ते कोणत्या भांडणाचा निवाडा करते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आमच्या मते ह्या अभ्यासात मुले अडखळतात ती येथेच. हा विषय पाठांतराचा नव्हे, निवाड्याचा आहे. आणि ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला शहरात शिकावयास ठेवले आहे, त्या घरालाही हे ठाऊक असणे बरे. म्हणून आजच्या सदरासाठी आम्ही आजोबांचा प्रश्नच घेतला आहे.

आजोबांचे गणित चुकीचे नाही. जमाखर्चाची जी द्विनोंदी पद्धत आज साऱ्या जगात चालते, तिचे पहिले छापील विवेचन एका फ्रान्सिस्कन संन्याशाने केले, हे ऐकून आमच्या वाचकांना कौतुक वाटेल. फ्रा लुका पाचोली हे त्यांचे नाव. इ. स. १४९४ साली व्हेनिस येथे त्यांचा गणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला, आणि त्यातील एका भागात व्हेनिसचे व्यापारी आपल्या वह्या कशा ठेवतात ते त्यांनी समजावून सांगितले. पद्धत त्यांनी शोधून काढली नाही. व्यापाऱ्यांत ती आधीपासूनच रूढ होती. पाचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी नावे आणि जमा ह्यांच्या बेरजा जुळल्याच पाहिजेत, हा दंडक आजही कायम आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनीही त्याला हात लावलेला नाही.

मग अडचण कोठे आहे? 'दोन' कशाला म्हणावे, येथे आहे. गोठ्यातील गाईची किंमत वहीत किती लिहावी? घेतली तेव्हाची, की आजच्या बाजारात येईल ती? दुकानातून माल उधारीवर गेला. विक्री आज झाली, की पैसे हाती पडतील त्या दिवशी? दहा वर्षांच्या करारावर गोदाम घेतले. पुढील दहा वर्षांचे भाडे हे आजच देणे मानावे, की दरमहा येईल तसे? दहा प्रामाणिक माणसे ह्या प्रश्नांना दहा उत्तरे देतील, आणि दहांच्याही बेरजा बिनचूक जुळतील.

ह्याचे एक उदाहरण जगभरच्या वर्गांत सांगितले जाते. जर्मनीतील डाइमलर-बेन्झ ही मोटारींची कंपनी १९९३ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उतरली. त्या वर्षीचा तिचा हिशेब जर्मन नियमांनी मांडला, तेव्हा ६१ कोटी ५० लाख मार्क नफा दिसला. तोच व्यवहार अमेरिकन नियमांनी मांडला, तेव्हा सुमारे १८४ कोटी मार्क तोटा दिसला. कारखाना तोच, मोटारी त्याच, वर्षही तेच. कोणी खोटे लिहिले नव्हते. मग त्या कंपनीत पैसे घालणाऱ्या माणसाने कशावर विश्वास ठेवावा?

अशा घोटाळ्यांवर तोड काढण्याचा प्रयत्न त्यापूर्वी वीस वर्षे सुरू झाला होता. १९७३ साली निरनिराळ्या देशांच्या लेखापाल-संस्थांनी मिळून लंडन येथे एक समिती स्थापिली. तिने काढलेल्या मानकांना आय.ए.एस. म्हणतात. २००१ साली तिची जागा एका नव्या मंडळाने घेतली. त्या मंडळाची मानके ती आय.एफ.आर.एस. जुन्या समितीची मानके रद्द झाली नाहीत, जी बदलली गेली नाहीत ती अजूनही चालतात. म्हणूनच विद्यार्थ्याला दोन नावांची मानके शिकावी लागतात, ह्यात दुसरे काही गूढ नाही. २००५ पासून युरोपीय संघाने शेअरबाजारातील आपल्या कंपन्यांना ही मानके सक्तीची केली, आणि आज १४० हून अधिक देश व प्रदेश ती अनिवार्य मानतात. अमेरिकेने मात्र स्वतःच्या कंपन्यांसाठी स्वतःचेच नियम राखले आहेत.

भारताने मधली वाट काढली. आपल्या सरकारने ही मानके जशीच्या तशी न घेता त्यांच्या बरोबरीने जाणारी 'इंड-ए.एस.' नावाची मानके फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केली. ५०० कोटी रुपये वा अधिक निव्वळ मत्ता असलेल्या कंपन्यांना ती १ एप्रिल २०१६ पासून, आणि शेअरबाजारातील इतर कंपन्या व २५० कोटींपासून वरच्या कंपन्या ह्यांना १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०१९ साली ती पुढे ढकलली. दोहोंत काही जागी भेद आहे. उदाहरणार्थ, भाड्याने देण्यासाठी राखलेली इमारत आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बाजारभावाने दाखविता येते. आपल्याकडे ती खरेदीच्या किमतीवरच, घसारा वजा करून, दाखवावी लागते आणि बाजारभाव टिपणीत द्यावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी क्रमांकांची एक सोय आहे. आय.ए.एस.चा जो क्रमांक तोच इंड-ए.एस.चा, आणि आय.एफ.आर.एस.च्या क्रमांकात शंभर मिळविले की आपला क्रमांक येतो. पंधराचे एकशे पंधरा, सोळाचे एकशे सोळा.

येथे गावच्या दुकानदारांनी घाबरून जाऊ नये. किराणा दुकान, भागीदारीची गिरणी, ट्रक चालविणारा, दूधसोसायटी ह्यांना ही मानके लागू नाहीत. प्राप्तिकराचा हिशेबही वेगळ्या कायद्याने होतो. मुलगा सुटीत घरी येऊन बापाच्या वहीला 'हे मानकाप्रमाणे नाही' म्हणून नाके मुरडू लागला, तर त्याला खुशाल गोठा झाडावयास पाठवावे.

पण तोच गोठा आणि तीच बाग त्याच्या अभ्यासाच्या फार उपयोगी आहेत, आणि आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच. शहरातील मुलांना जे मानक सर्वांत कोरडे वाटते, ते आपल्या मुलांना सर्वांत सोपे वाटावयास हवे. एकेचाळिसावे मानक शेतीचे आहे. त्याच्या कोष्टकात मेंढ्या आणि लोकर, दुभती जनावरे आणि दूध, ऊस आणि साखर, द्राक्षवेली आणि मद्य अशा जोड्या मांडल्या आहेत. आपल्या किती मुलांनी ते कोष्टक वाचताना डोळ्यांपुढे आपली बाग आणली असेल?

त्या मानकाचा विचार असा. जिवंत झाड वा जनावर हे यंत्रासारखे नसते. ते वाढते, वितेही आणि मरतेही. कालवड आज घेतली आणि दोन वर्षांनी ती दुभती गाय झाली, तर तिचे मोल वाढले. ते कोणा गिऱ्हाइकामुळे नव्हे, तर निसर्गक्रमाने. म्हणून मोठ्या दुग्धकंपनीने आपल्या जनावरांची किंमत दर ताळेबंदाला उचित मूल्याने, म्हणजे त्या दिवशी बाजारात रीतसर विक्रीने येईल त्या किमतीने, विक्रीचा खर्च वजा करून लावावी आणि वाढ नफ्यात दाखवावी, असे ते मानक सांगते.

आजोबा लागलीच म्हणतील, "गाय विकलीच नाही, तर नफा कसला?" हा आक्षेप खेडवळ समजू नये. हाच आक्षेप जगभरच्या मळेवाल्यांनी घेतला होता. मलेशियासारख्या देशांत पाम तेलाचे मोठमोठे मळे आहेत. त्यांचे म्हणणे असे की, आमचे झाड पंचवीस-पंचवीस वर्षे उभे असते, ते आम्ही कधीच विकत नाही, त्याची फळे तेवढी विकतो. मग त्या झाडाचा बाजारभाव दरवर्षी लावून खोटाच नफा-तोटा का दाखवावा? ते झाड म्हणजे आमचे यंत्रच. मंडळाने हे म्हणणे मान्य केले आणि २०१४ साली मानक दुरुस्त केले. फळे देत राहणारे झाड, त्याला इंग्रजीत 'बेअरर प्लांट' म्हणतात, ते आता सोळाव्या मानकाखाली, म्हणजे इमारती व यंत्रे ह्यांच्या पंगतीत बसते. ते फळावर आले की त्याच्यावर घसारा धरतात. झाडावर लटकलेले फळ मात्र एकेचाळिसाव्या मानकाखालीच राहिले. काजूचे झाड एका मानकात, तर त्याच्यावरचा बोंडू दुसऱ्या मानकात! आणि तो उतरवून कोठारात नेला की तिसऱ्या, म्हणजे मालसाठ्याच्या मानकात.

पाठ करणाऱ्याला ही कटकट वाटते. ज्याने कारण ऐकले आहे, त्याला ती विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

आता व्याख्या पाहावी. झाड पीक देण्यासाठी लावलेले असावे. ते एकाहून अधिक हंगाम पीक देईल अशी अपेक्षा असावी. आणि मोडीत काढण्यापुरती किरकोळ विक्री सोडली, तर ते झाड स्वतः विकले जाण्याचा संभव अगदी दूरचा असावा. नारळ, सुपारी, आंबा, काजू ह्या कसोटीला उतरतात. सागवान उतरत नाही, कारण ते तोडून विकण्यासाठीच लावलेले असते. बेळगावकडील उसाचे काय? तोडणीनंतर खोडवा घ्यावयाचा असेल, तर जमिनीतील बुडखा पुन्हा पीक देणारा, म्हणून तो यंत्राच्या पंगतीत, आणि वर उभा असलेला ऊस जिवंत पिकाच्या मानकात. लागणीचे एकच पीक घेऊन रान मोकळे करावयाचे असेल, तर निकाल निराळा.

आणि फणस? फणसाची फळे विकतात आणि लाकूडही विकतात. एखाद्या बागाईत कंपनीने फळांसाठी फणस लावले आणि म्हातारे झाड शेवटी सरपणाला गेले, तर ती किरकोळ विक्री. झाड यंत्रासारखेच धरावयाचे. पण फळेही खावी आणि पुढे सुताराला लाकूडही विकावे अशा बेताने लावले असतील, तर तेच झाड बेअरर प्लांट ठरत नाही, आणि दरवर्षी त्याचे उचित मूल्य काढावे लागते. म्हणजे एकाच जातीचे झाड दोन मालकांच्या पुस्तकांत दोन ठिकाणी जाते. परीक्षक ह्या जागेवर प्रश्न काढतो. तेथे 'फणस: सोळावे मानक' असे पाठ करून गेलेला विद्यार्थी फसतो, आणि 'मालकाचा बेत काय आहे?' असे विचारणारा सुटतो.

भाडेपट्ट्याच्या सोळाव्या मानकातही असाच एक झगडा दडलेला आहे. (हे आय.एफ.आर.एस.मधील सोळावे; वर सांगितले ते आय.ए.एस.मधील. नावांच्या ह्या सारखेपणाला आमचा इलाज नाही.) विमान कंपन्या पुष्कळशी विमाने भाड्याने घेत आणि भाडे भरीत, ताळेबंदात ना विमान दिसे, ना पुढील अनेक वर्षे द्यावयाचे भाडे. मंडळाचे पहिले अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी हे स्कॉटिश गृहस्थ थट्टेने म्हणत की, विमान कंपनीच्या ताळेबंदात खरोखर असलेल्या विमानातून मरण्यापूर्वी एकदा प्रवास करावा, अशी आपली इच्छा आहे. २०१९ पासून लागू झालेल्या ह्या मानकाने ती पळवाट बुजविली. बारा महिन्यांच्या आतील आणि अगदी अल्प किमतीच्या वस्तूंचे भाडेपट्टे सोडले, तर भाडेकरूने वापराचा हक्क ही मालमत्ता आणि भावी भाडे हे देणे, अशी दोन्ही पुस्तकात दाखवावी.

विद्यार्थ्याने येथे शिसपेन घेऊन बसावे. समजा, कंपनीने पाच वर्षांसाठी गोदाम घेतले. भाडे वर्षाअखेर १ लाख रुपये. व्याजाचा दर शेकडा १०. पाच लाखांचे आजचे मोल ३,७९,०७९ रुपये येते. तेवढी मालमत्ता, तेवढेच देणे. पहिल्या वर्षी व्याज ३७,९०८ आणि घसारा ७५,८१६, मिळून खर्च १,१३,७२४. म्हणजे भरलेल्या भाड्याहून जास्त. पाचव्या वर्षी व्याज ९,०९१ वर उतरते आणि खर्च ८४,९०७ होतो. पाची वर्षांची बेरीज मात्र बरोबर ५ लाख. कोष्टक एकदा स्वतःच्या हाताने शेवटच्या शून्यापर्यंत उतरविले की, हे मानक अंगवळणी पडते. छापील उत्तर वाचून 'समजले' म्हणणाऱ्या मुलाचे समजणे परीक्षेच्या दालनापर्यंत टिकत नाही, असे ह्या विषयाचे शिक्षकही सांगतात.

विक्रीचे पंधरावे मानक पाच पायऱ्यांचे आहे, आणि त्या पायऱ्या सारेच घोकतात. आम्ही एकच उदाहरण देतो. पाण्याचा पंप आणि दोन वर्षांची देखभाल मिळून ३०,००० रुपयांना दिली. नुसता पंप २८,००० ला आणि नुसती देखभाल ४,००० ला विकली जाते. तर ३०,००० ची वाटणी ह्या प्रमाणात करावयाची: पंपाचे २६,२५०, देखभालीचे ३,७५०. पहिली रक्कम पंप दिला त्या दिवशी विक्रीत धरावी, दुसरी दोन वर्षांत हळूहळू. ग्राहकाने पैसे सारे आजच दिले असले तरी! कारण देखभालीचे काम अजून व्हावयाचे आहे. न केलेल्या कामाचे पैसे घेतले असतील, तर ते तोवर देणेच होय. पण व्यापाऱ्याने नुसती हमी दिली असेल की, पंप वर्षभर नीट चालेल, बिघडल्यास दुरुस्त करून देऊ, तर ती निराळी सेवा नव्हे. तिच्या खर्चाचा अंदाज करून सदतिसाव्या मानकाप्रमाणे तरतूद करावी.

सदतिसाव्या मानकाचे नाव निघालेच आहे, तर भाषेविषयी थोडे सांगतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, आणि ती खोटी नाही. परंतु ही मानके अलंकारिक इंग्रजीत नाहीत. थोडेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकाचे वजन ठरलेले असते. सदतिसाव्यात तीन शब्द आहेत: प्रॉबेबल, पॉसिबल, रिमोट. आपल्याकडे बहुधा, कदाचित आणि क्वचितच म्हणतात, तसे. कौलांच्या कारखान्यावर जखमी कामगाराने दावा लावला. पैसे बहुधा द्यावे लागतील आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता येतो, तर तरतूद करून खर्च आजच दाखवावा. कदाचित द्यावे लागतील, तर आकडा पुस्तकात न घालता टिपणी लिहावी. क्वचितच, तर काही लिहू नये. 'बहुधा' म्हणजे तेथे न होण्यापेक्षा होण्याचाच संभव अधिक, एवढेच. ज्या मुलाने असे वीस-पंचवीस शब्द एका वहीत आपल्या भाषेतील अर्थासह उतरवून ठेवले, त्याची निम्मी धास्ती जाते. उत्तरपत्रिका त्याने ज्या भाषेत लिहावयाची तीत लिहावी. विचार करावयास मायबोली उत्तम.

'बहुधा' कोण ठरविणार? कंपनीचे चालक ठरविणार, आणि हिशेबतपासनीस त्यांना पुराव्याने विचारणार. ह्या मानकांचे सामर्थ्य येथे आहे आणि धोकाही येथेच. यंत्र किती वर्षे चालेल, उधारी किती बुडेल, बागेचे मोल काय, सारे अंदाज. नफा कमी पडला की अंदाज थोडा सैल करण्याचा मोह होतो, आणि तसे करावयास सांगणारा वरिष्ठ बहुधा गोड बोलून सांगतो. शिकाऊ उमेदवारीत असलेल्या मुलाला हा प्रसंग पुस्तकातून कळत नाही; तो त्याच्या टेबलावर एका संध्याकाळी येतो. त्या वेळी 'हा अंदाज कशाच्या आधाराने बदलला?' एवढा साधा प्रश्न विचारण्याचे आणि उत्तर कागदावर नोंदविण्याचे धैर्य त्याच्या अंगी असावे लागते. ते नसेल तर सारी मानके पाठ असूनही तो कारकूनच.

उधारीच्याच बाबतीत पाहा. पूर्वी कर्ज बुडण्याची लक्षणे दिसू लागेपर्यंत तोटा धरीत नसत. २००८ च्या आर्थिक संकटात बँकांचे तोटे फार उशिरा आणि फार थोडे दाखविले गेले, अशी टीका झाली. त्यानंतर आलेल्या नवव्या मानकाने, ते २०१८ पासून लागू आहे, कर्ज दिल्या दिवसापासूनच संभाव्य बुडिताचा अंदाज धरावयास लावले. गावचा जुना वाणी मनातल्या मनात हेच करीत आला आहे. कोणाची उधारी पौर्णिमेला येते आणि कोणाची कधीच येत नाही, हे त्याला ठाऊक असते, आणि भाव लावताना ते तो विसरत नाही.

तथापि मानकांकडून भलती अपेक्षाही ठेवू नये. हैदराबाद येथील सत्यम कॉम्प्युटर्स ह्या नामांकित कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की, पुस्तकात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नव्हती. तेथे अंदाजाचा वा मानकाचा प्रश्नच नव्हता. नसलेला पैसा आहे म्हणून लिहिणे हे कोणत्याही देशाच्या नियमांनी खोटेच. असे खोटे पकडणे हे तपासनिसाचे काम. त्याचे शास्त्र निराळे आणि तेही मुलाला शिकावेच लागते.

आता घरच्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत 'फायनान्शिअल रिपोर्टिंग' ह्या पहिल्याच पेपरात ही मानके येतात. मधल्या परीक्षेत मुख्यतः जुनी भारतीय मानके असतात, तेव्हा मधली परीक्षा चांगल्या गुणांनी उतरलेला मुलगा शेवटच्या परीक्षेत अडला, तर तो आळशी झाला असे लागलीच समजू नये; विषयच पालटलेला असतो. २०२३ च्या नव्या योजनेप्रमाणे उमेदवारीचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे, त्यामुळे कामाचा अनुभवही आता थोड्या मुदतीत पदरात पाडून घ्यावा लागतो. ज्यांना परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत वा आखाती देशांत नोकरी करावयाची आहे, त्यांच्यासाठी ए.सी.सी.ए. ह्या ब्रिटिश संस्थेची ह्याच विषयावरील स्वतंत्र पदविकाही आहे. मात्र 'तीन महिन्यांत आय.एफ.आर.एस. तज्ज्ञ' अशा जाहिरातींवर कर्ज काढून पैसे उधळू नयेत. सनदी लेखापालांच्या भारतीय संस्थेची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि सरकारने जाहीर केलेली मानकेही तशीच मिळतात. मानकाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय मानकाशी भेद कोठे आहे ह्याचे परिशिष्ट असते. ते मुले वाचत नाहीत, आणि वाचावे असे तर तेच.

राहता राहिली थोरल्या भावाच्या पुस्तकांची गोष्ट. आपल्या घरांतून पुस्तके एकाची दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे जातात, आणि ही काटकसर स्तुत्यच आहे. परंतु ह्या एका विषयात ती महाग पडते. विक्रीचे जुने अठरावे मानक गेले आणि पंधरावे आले. भाडेपट्ट्याचे सतरावे गेले आणि सोळावे आले. ताळेबंद व नफातोटा पत्रक कसे मांडावे हे सांगणारे पहिलेच मानक आता बदलत असून, त्याची जागा घेणारे आय.एफ.आर.एस. अठरा एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे व ते १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू व्हावयाचे आहे. आपल्या परीक्षेला कोणती मानके कोठवरच्या दुरुस्त्यांसह लागू आहेत, हे संस्था प्रत्येक परीक्षेआधी कळविते. तेव्हा धाकट्याने थोरल्याची गणिताची, कायद्याची वही अवश्य घ्यावी. मानकांचे पुस्तक मात्र चालू वर्षाचेच विकत आणावे, आणि जुन्या पुस्तकाची पाने कोऱ्या बाजूने भाडेपट्ट्याची कोष्टके सोडविण्यास वापरावी.